भायखळा ते लोअर परळ, गिरणगावातून सायकलवर : नक्की करा, पण सातच्या आत

गेल्या रविवारी बाबांना घेऊन गिरणगावातला, म्हणजे मुंबईतल्या जुन्या कापडगिरण्यांच्या भागातला, हा रूट केला आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलोय, म्हणून म्हटलं एकदाचं नीट लिहून टाकू. भायखळा स्टेशनच्या पूर्वेकडून निघायचं, राणीबाग, चिंचपोकळी, लालबाग, भारतमाता, करी रोडचा पूल, डिलाईल रोड, लोअर परळ, मग तुळशी पाईप रोडने महालक्ष्मी आणि सात रस्त्यावरून परत भायखळा. सगळं मिळून दहाएक किलोमीटर. चढ म्हणाल तर फक्त रेल्वेवरचे पूल, बाकी रस्ता सपाट, बिनगिअरची सायकल असली तरी आरामात होतं. आम्हाला थांबत थांबत दोन तास लागले.

सहाला निघा, रविवारीच निघा. आठनंतर बस, टॅक्सी, टेम्पो सगळे रस्त्यावर येतात आणि मग लहान मुलांना घेऊन जायचा रस्ता राहत नाही हा. त्यात परळचा एल्फिन्स्टन पूल २०२५ मध्ये पाडायला घेतला, त्यामुळे करी रोडवर गर्दी वाढलीय.

लालबागला मात्र उड्डाणपुलावर चढू नका, खालून जा. मी सहा वर्षं लोअर परळला नोकरी केली, रोज टॅक्सीने वरून गेलो, मला काचेचे टॉवर सोडून काही दिसलं नव्हतं. खालून सायकलवर गेलं की चाळींच्या गॅलऱ्या दिसतात, वाळत घातलेल्या चादरी, बंद गेटं, जुन्या दगडी भिंती. भारतमाता थेटर ज्या जागेवर उभं आहे ती जागा इंडिया युनायटेड मिलची, आणि पाळी सुटली की कामगार तिथे मराठी सिनेमाला यायचे, हे मला बाबांनी तिथेच सायकलला टेकून सांगितलं.

माझे आजोबा डिलाईल रोडच्या एका मिलमध्ये साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचे. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा बाबा दहावीला होते. अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. आजोबा गावी गेले ते गेलेच. करी रोडचा पूल उतरल्यावर एका टॉवरच्या गेटसमोर बाबा थांबले आणि बोटाने दाखवलं, इथे भोंगा वाजायचा, इथून तुझे आजोबा यायचे, केसांत कापूस घेऊन. वॉचमन बघत होता, बाबांना त्याचं भान नव्हतं. मी त्यांना आजवर कितीदा विचारलं होतं मिलबद्दल, घरी कधी इतकं बोलले नाहीत.

डिलाईल रोडच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या, खोली १६० चौरस फुटांची, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं. तिथे आता पुनर्विकासाचं काम चालू आहे, म्हणून म्हणतो लवकर जा. पुढे डिलाईल पूल ओलांडून फिनिक्स. मिल १९०५ ची, आता मॉल, पण धुराची चिमणी ठेवलीय. सकाळी मॉल बंद असताना बघा, खाली माणूस नसतो आणि मान वर करून बघितलं की मगच तिची उंची कळते. १९९१ च्या मुंबईच्या बांधकाम नियमात मिलच्या जमिनीचा तिसरा हिस्सा पालिकेला, म्हणजे मैदानं-बागांना, आणि तिसरा म्हाडाला घरांसाठी द्यायचं ठरलं होतं. २००१ मध्ये नियम बदलला, फक्त मोकळ्या जमिनीचीच वाटणी धरली, आणि वाटा केवढा आक्रसला ते इथे उभं राहिलं की समजतं. मला त्याचा राग आहे आणि तो जात नाही.

महालक्ष्मीचा धोबीघाट पुलावरून दिसतो, आम्ही फार थांबलो नाही.

दोन तक्रारी. एक, सायकल भाड्याने घेतली तिथे ब्रेक तपासून घ्या. माझ्या सायकलचा मागचा ब्रेक करी रोडच्या उतारावर लागलाच नाही, पुढच्या ब्रेकवर कशीबशी आवरली. परत देताना सांगितलं तर दुकानदार म्हणाला रबर झिजलं असेल, आणि पैसे पूर्ण घेतले. दुसरी तक्रार मोठी आहे. अख्ख्या रूटवर इथे अमुक मिल होती, इतके लोक काम करायचे, अशी एक पाटी मला दिसली नाही. सोबत कोणी जुनं माणूस नसेल तर निम्मा रूट नुसता रस्ता वाटेल, म्हणून घरातलं किंवा शेजारचं, मिलमध्ये काम केलेलं कोणी असेल तर त्यांना घेऊन जा. सायकल झेपत नसेल तर टॅक्सीने भारतमाताला यायला सांगा आणि तिथून पुढे चालत.

पुढच्या रविवारी काकांना नेतोय. ते बदली कामगार होते, म्हणजे कोणी गैरहजर असेल त्याच्या जागी काम करणारे, त्यांना म्हणे प्रत्येक गेट पाठ आहे.