मानसशास्त्राची पदवी: चाळिशीत शिकून काय मिळालं

अकरा वर्षं एका कार्यालयात हिशेब लिहिल्यावर, वयाच्या ३९व्या वर्षी मी मानसशास्त्राच्या पदवीला प्रवेश घेतला. तीन वर्षं झाली, निकालही लागला. ओळखीतल्या दोघी-तिघी 'आम्ही घेऊ का प्रवेश?' असं विचारतायत, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी सगळ्यात चांगली गोष्ट सांगते, ती म्हणजे प्रात्यक्षिकं. दुसऱ्याच आठवड्यात मॅडमनी माझ्यापुढे एक लाकडी पट्टी ठेवली. तिच्यावर १५० मिलिमीटरची एक पक्की रेघ, दोन्ही टोकांना बाणासारखी मिटलेली पाती. शेजारी सरकणारी दुसरी रेघ, तिच्या टोकाची पाती मात्र बाहेरच्या बाजूला उघडलेली. सरकती रेघ पहिलीएवढी झाली असं वाटलं की थांबायचं, बस्स. मागच्या बाजूला मोजपट्टी असते, ती फक्त प्रयोग घेणाऱ्याला दिसते. हा म्युलर-लायर भ्रम १८८९चा: पात्यांच्या दिशेमुळे सारख्याच रेघा लहान-मोठ्या वाटतात. मी प्रकरण आधीच वाचून आले होते, पुस्तकातली आकृती घरी पट्टीने मोजूनही पाहिली होती. आपल्याला हे फसवणार नाही अशी खात्री होती. वीस वेळा रेघ सरकवली आणि वीसही वेळा ती आखूड ठेवली. सरासरी चूक २४ मिलिमीटर. माझ्या जोडीदारणीने, म्हणजे अठरा वर्षांच्या मुलीने, ते आकडे प्रयोगवहीत उतरवले तेव्हा मी ती पट्टी उलटी करून परत परत पाहत होते. डोळ्यांना माहिती देऊन काही फरक पडत नाही, हे त्या दिवशी पक्कं कळलं. हे नुसतं वाचून कळत नाही. स्वतः 'प्रयुक्त' म्हणून, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो त्या खुर्चीत, बसावं लागतं.

सांख्यिकीला सगळा वर्ग घाबरतो. मला वाटलं होतं, आकडे तर माझे रोजचेच. पण हे आकडे वेगळे निघाले. हिशेबात ताळेबंद एका पैशाने जुळला नाही तर ती चूक सापडेपर्यंत घरी जायचं नसतं. इथे चूक राहणारच हे मान्य करून ती किती आहे ते मोजायचं. हे डोक्यात बसायला मला अख्खं एक सत्र लागलं. टी-चाचणी नावाची सांख्यिकीतली पद्धत ज्याने शोधली तो गॉसेट गिनेस या बिअरच्या कारखान्यात काम करत होता. थोड्याच नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढायचा हा त्याचा रोजचा प्रश्न, आणि १९०८ साली त्याने तो 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडला. नोकरीतल्याच अडचणीतून हे निघालं हे कळल्यावर तो विषय मला आपला वाटायला लागला. गणित कच्चं आहे म्हणून कुणी मागे हटू नका. बेरीज-भागाकार यंत्र करतं. आपण नेमकं काय विचारतोय हे ठरवणं अवघड आहे, आणि ते शिकवून येतं.

स्मृतीचं प्रकरण मात्र मला आतून हलवून गेलं. १९७४ साली लॉफ्टस आणि पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या चित्रफिती दाखवल्या आणि वेग विचारला. प्रश्नात फक्त क्रियापद बदललं. गाड्या 'एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या' अशा अर्थाचा शब्द वापरला तेव्हा सरासरी उत्तर ताशी ४०.५ मैल आलं, 'एकमेकींना लागल्या' असं विचारल्यावर ३१.८. पुढच्या प्रयोगात आठवड्यानंतर काही जणांना फुटलेली काचही आठवली. काच चित्रफितीत नव्हतीच.

आजोबा गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी बसले होते, त्यांचा हात माझ्या हातात होता, हे मला लख्ख आठवत होतं. पलंगावरची निळी चादरसुद्धा. हे प्रकरण वाचल्यावर मी सहज आईला विचारलं. ती म्हणाली, "अगं, तू तेव्हा परीक्षेला गेली होतीस. मीच तुला नंतर सगळं सांगितलं." मी दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाही. राग आईचाही नव्हता, पुस्तकाचाही नव्हता. तो हात माझ्या हातात कधीच नव्हता हे पचत नव्हतं. आमच्या मॅडमना सांगितलं तर त्यांनी तास संपल्यावर अर्धा तास माझ्याजवळ बसून ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आठवण चुकीची असेल, ओढ खरी आहे ना?" या अभ्यासक्रमाला माझ्याकडून जे काही गुण मिळतील, त्यातले बरेचसे त्या अर्ध्या तासाचे आहेत.

आता तक्रार. गाजलेले प्रयोग अजूनही दगडावरच्या रेघेसारखे शिकवले जातात. विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवून केलेला १९७१चा स्टॅनफर्डचा तुरुंगाचा प्रयोग घ्या. दोन आठवड्यांचा ठरलेला होता आणि सहा दिवसांत थांबवावा लागला, एवढं आमच्या टिपणांत होतं. पहारेकऱ्यांना कसं वागायचं याच्या सूचना मिळत होत्या, हे पुढे ध्वनिफिती आणि कागदपत्रांतून बाहेर आलं, ते मात्र कुठेच नव्हतं. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे नुसता योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा, होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच तसा आला. या विषयातली ही केवढी मोठी घडामोड, आणि मला ती तिसऱ्या वर्षी ग्रंथालयात स्वतः शोधताना सापडली! ही पहिल्या वर्षी सांगायची गोष्ट आहे. आपलंच काम पुन्हा तपासून त्यातली चूक जाहीर छापणारा विषय म्हणून मला त्याचा आदर वाढला. मग मुलांपासून हे लपवायचं कशाला?

अपसामान्य मानसशास्त्राच्या, म्हणजे मानसिक विकारांच्या अभ्यासाच्या, सत्रात अर्ध्या वर्गाला आपल्याला काहीतरी झालंय असं वाटायला लागतं. मलाही वाटलं. तेव्हा निकष नीट वाचा. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी निकषपुस्तिकेप्रमाणे नैराश्याच्या विकारासाठी नऊपैकी किमान पाच लक्षणं, सलग दोन आठवडे, आणि त्यामुळे खूप त्रास किंवा रोजच्या जगण्यात खरोखर अडथळा, एवढं सगळं लागतं. चार दिवस झोप नाही म्हणजे नैराश्य नव्हे. मात्र वाचून झाल्यावरही शंका उरली तर स्वतःच ठरवत बसू नका, डॉक्टरांकडे जा. आमच्यातली एक मुलगी तशी गेली आणि तिला वेळेत उपचार मिळाले.

सगळ्यात महत्त्वाचं, प्रवेशाच्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापायला हवं असं: ही पदवी घेऊन कुणावर उपचार करता येत नाहीत. त्यासाठी पुढचं शिक्षण लागतं, आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष कामही. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी एक शेजारीण मुलीला घेऊन आली, "तुझं आता झालंय ना, जरा बोल हिच्याशी." मुलीच्या मनगटावर ओरखडे होते. मी तिला पाणी दिलं, ती जेवढं बोलली तेवढं ऐकलं, आणि त्याच दिवशी दोघींना सोबत घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्या खोलीबाहेर बसून होते तेव्हा माझे हात थरथरत होते. आपल्याला काय येत नाही हे मला माहीत होतं, तेही याच तीन वर्षांनी शिकवलेलं.

तर प्रवेश घ्यावा का? नोकरी लगेच हवी असेल, किंवा लगेच समुपदेशक व्हायचं असेल, तर नको. माणूस असा का वागतो हा प्रश्न झोपू देत नसेल, आणि त्याचं उत्तर 'अजून नक्की माहीत नाही' असं आलं तरी चालणार असेल, तर जरूर घ्या. वय आड येत नाही. पाठांतर कमी पडतं, हे खरं. एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेल्यातलं बरंचसं पहिल्या दिवसातच निसटतं. म्हणून मी प्रत्येक प्रकरण दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक मिटून लिहून काढायचे, त्यावर निभावलं.

महाविद्यालय निवडताना इमारत बघू नका, प्रयोगशाळेचं दार उघडायला सांगा. साधनांवर धूळ आहे का ते पाहा. दुसऱ्या वर्षाच्या कुठल्याही मुलाला विचारा, आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती होतात आणि प्रयोगवहीतले आकडे खरे असतात की मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवलेले. आमच्याकडे आठवड्याला चार तास व्हायचे. मला आठही कमीच पडले असते.