'छोड के जाओ, चेक करता है' म्हणाले आणि आजोबांचा पार्ट गेला

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय म्हणून गिरगावातल्या आमच्या खोलीचा पोटमाळा उपसायला घेतला, तर बिस्किटाच्या गंजक्या डब्यात एक अजब वस्तू मिळाली. वीतभर लांब, पट्टीसारखी अरुंद पत्र्याची पेटी, तिच्यात दुमडून बसलेला एक हात, हाताला केशरी काच की प्लास्टिक काहीतरी, आणि मागून कापडी वेष्टणाची वायर लोंबतेय. पेटीच्या पाठीवर खिळ्याने ओरखडून एकच अक्षर कोरलेलं, 'डा'. माझे आजोबा दादरच्या एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते, म्हणजे गाडीचंच काहीतरी असणार एवढं कळलं, बाकी घरात कुणालाच पत्ता नाही. चुलतभावाने बाइकची 12 व्होल्टची बॅटरी लावून बघितली तर टक्कन हात बाहेर! जुन्या रेल्वे सिग्नलचा हात असायचा ना, अगदी तसा. बल्ब लागला नाही पण कॉइल जिवंत होती. आम्ही पोरांसारखे दहा वेळा टक टक करत बसलो.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला खाज, कुठल्या गाडीचा ते शोधायचंच. म्हणून पिशवीत घालून जुन्या गाड्यांच्या पार्ट्सवाल्यांकडे गेलो (एरिया आणि दुकान सांगत नाही, बिल नाही, काही नाही, उगाच माझ्याच अंगावर यायचं). पहिल्या दुकानात म्हणाले भंगार आहे, किलोवर जाईल. बाहेर पडून रस्ता ओलांडतोय तर त्यांचाच पोऱ्या मागून पळत आला, "सेठ बुला रहे हैं". भंगारासाठी कुणी पळत येत नाही हो, हे मला त्याच वेळी सुचायला हवं होतं, पण तेव्हा उलट बरं वाटलं की चला, कुणीतरी ओळखलं.

आत गेल्यावर शेठचा सूरच बदललेला. चहा मागवला. मी काय केलं तर सरळ विचारलं, "हे काय आहे?" इथेच माती खाल्ली. आपल्या वस्तूबद्दल आपल्यालाच काही माहीत नाही हे समोरच्याला कळलं की पुढचं सगळं त्याच्या हातात जातं. तो म्हणाला ऑस्टिनचा इंडिकेटर आहे, कॉइल वीक झालीय, रिवाइंड करावी लागेल, नवीन बल्ब टाकून 1,800 होतील. "छोड के जाओ, कारीगर चेक करता है." मी म्हटलं कॉइल तर चालतेय, तर म्हणे अभी चलता है, गाडी में लगाओगे तो जल जाएगा. गाडी कुठाय माझ्याकडे! तरी 600 रुपये ॲडव्हान्स दिला आणि पावती म्हणून व्हिजिटिंग कार्डच्या मागे '600' लिहून घेतलं, त्यावर सही नाही, तारीख नाही, वस्तूचं नाव नाही.

चार फेऱ्या मारल्यावर मिळाला. छान काळा रंग मारलेला, चकचकीत, मी खूश होऊन उरलेले 1,200 दिले. घरी येऊन त्याच बॅटरीवर लावला, हात बाहेर आला खरा, पण जरा वेळ धरला तर जळका वास आणि बारीक धूर. रंग ब्लेडने खरवडला तर खाली '6V'. म्हणजे 6 व्होल्टचा माल. त्याला 12 दिले की करंट दुप्पट आणि उष्णता चौपट, कॉइल जळणारच. आमचा 12 वर आरामात चालत होता. पाठ पूर्ण खरवडली, 'डा' कुठेच नाही.

परत गेलो तर चहा नाही, शेठ वर मानही करेना. "यही दिया था आपने." मोबाईलमधले फोटो दाखवले, पण मी मूर्खासारखा समोरून काढलेले, पाठीचा एकही नाही. म्हणून सांगतो, कुणाला दाखवायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, शिक्के, नंबर, ओरखडे सगळं, शेजारी पट्टी ठेवून. चालू आहे की नाही त्याचा व्हिडिओ करा. आणि वस्तू हातातून सोडू नका, कारागीर चेक करणार असेल तर तुमच्यासमोर करेल.

सगळ्यात वाईट काय, तर उत्तर घरातच होतं. सावंतवाडीहून आत्या आली, तिला फोटो दाखवला तर बघताक्षणी म्हणाली, "अरे, हा डॉक्टरांच्या बेबीचा कान!" बेबी म्हणजे बेबी हिंदुस्तान. मॉरिस मायनर 1948 ला इंग्लंडात आली, तीच हिंदुस्तान मोटर्सने आपल्याकडे या नावाने काढलेली. दारामागच्या खांबात दोन्ही बाजूंना हे बसवलेले असायचे, वळताना त्या बाजूचा हात बाहेर यायचा आणि आतून उजेड पडायचा. ट्रॅफिकेटर म्हणतात त्याला. फ्लॅश होणारे लाइट आले तसे हे गेले, इंग्लंडातल्या मायनरवर मात्र 1961 पर्यंत होते. आणि हा हात बोटाने खेचून काढायचा नाही, आतली कडी मोडते, आत्याला लहानपणी त्यावरून धपाटा बसलेला. 'डा' म्हणजे डावा. दुरुस्तीला दोन्ही काढले की उलटसुलट होऊ नयेत म्हणून आजोबांनी कोरलेलं. त्या शेठने सांगितलेलं ऑस्टिनसुद्धा खोटंच, किंवा त्यालाही माहीत नसेल, कोण जाणे.

जळका तुकडा अजून त्याच डब्यात पडलाय. 1,800 गेले त्याचं एवढं नाही. तुमच्यापैकी कुणी जुन्या मायनरवर काम करत असेल आणि कुणी डाव्या बाजूचा 12 व्होल्टचा ट्रॅफिकेटर विकायला आणला, तर आधी उलटा करून पाठ बघा. रंग मारलेला असेल तर थोडा खरवडून बघा. 'डा' दिसला तर मला कळवा, ते मागतील तेवढे पैसे देऊन घेईन.