आधी शंट की थेट पूर्ण दुरुस्ती?

टेट्रालॉजी ऑफ फॅलो (हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमध्ये छिद्र आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, असा जन्मजात हृदयदोष) असलेलं तान्हं बाळ रडताना निळं पडू लागलं, की आईबाबांपुढे दोन वाटा येतात.

शंट म्हणजे हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जेमतेम साडेतीन-चार मिलिमीटरच्या नळीने जोडायची. १९४४ साली बाल्टिमोरला पहिल्यांदा झालेल्या शस्त्रक्रियेचं हे आजचं रूप. बाळाला वाढायला वेळ मिळतो. पण गुठळी होऊन नळी अचानक बंद पडू शकते, आणि मोठं ऑपरेशन उरतंच.

पूर्ण दुरुस्तीत हार्ट-लंग मशीनवर (तेवढा वेळ हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र) छिद्र बंद, अरुंद वाटही मोकळी. अडीच किलोच्या जिवाला झेपेल? धोका तिथेच. वजन बरं, धमन्या चांगल्या असतील तर माझा कल इकडेच. सही करण्याआधी मात्र विचाराच: एवढ्या लहान बाळांची इथे किती झालीत?