मिथटीव्ही: खराब चित्राचे खापर कोणाच्या माथी फोडावे?

दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम घरच्या संगणकावर आपोआप रेकॉर्ड करून ठेवणारी आणि सवडीने दाखवणारी जी मुक्त सॉफ्टवेअर्स आहेत, त्यांत मिथटीव्हीचे नाव जुने आहे. आयझॅक रिचर्ड्स यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला आणि पुढे अनेक स्वयंसेवकांनी तो वाढवला. मी ते काही महिने लिनक्सवर रोज वापरत आहे. वेळापत्रक लावून देणे, दोन कार्यक्रमांच्या वेळा एकमेकींवर आल्यास त्याच कार्यक्रमाचे पुनर्प्रक्षेपण शोधणे, जुनी रेकॉर्डिंग पुसून जागा मोकळी करणे ही सगळी कामे ते इतक्या मुकाट्याने करते की त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे उरत नाही. लिहिण्यासारखे आहे ते चित्राच्या दर्जाविषयी, कारण पहिल्या आठवड्यात पडद्यावर जे दिसले ते पाहून मी हे सॉफ्टवेअर काढून टाकण्याच्या बेतात होतो.

तक्रारी अनेक होत्या. बातम्यांच्या तळाशी धावणाऱ्या पट्टीतील अक्षरांना कंगव्याचे दात फुटल्यासारख्या आडव्या रेघा दिसत. कॅमेरा संथपणे मैदानावरून फिरू लागला की चित्र गचके खाई. मधूनच पडद्याचा एखादा भाग चौकोनी ठोकळ्यांत विस्कटून जाई. आणि रात्रीच्या दृश्यांतला काळा रंग राखाडी वाटे. मी हा सारा एकच आजार समजलो आणि एका बैठकीत आठ-दहा सेटिंग्ज बदलून बसलो, त्यामुळे कशाने काय झाले हे कळण्याचा मार्गच बंद झाला. नंतर सगळे मूळपदावर आणून एकेक लक्षण स्वतंत्रपणे तपासले, तेव्हा प्रत्येकाचे कारण वेगळे निघाले.

तपासणी कोठून सुरू करावी हे मिथटीव्हीच्या रचनेतूनच सुचते. त्याचे दोन भाग आहेत: रेकॉर्डिंग करणारा बॅकएंड आणि ते दाखवणारा फ्रंटएंड. डिजिटल ट्यूनरकडून, म्हणजे प्रक्षेपणाचा सिग्नल पकडणाऱ्या उपकरणाकडून, आलेला प्रवाह बॅकएंड पुन्हा एन्कोड (संकुचित) करत नाही, जसा आला तसा डिस्कवर उतरवतो. ‘लाइव्ह’ म्हणून आपण जे पाहतो तेसुद्धा आधी डिस्कवर लिहिले जाते आणि तेथूनच वाचले जाते. म्हणून रेकॉर्डिंगची फाइल दुसऱ्या संगणकावर नेऊन व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये चालवून पाहावी. दोष तेथेही नेमक्या त्याच सेकंदाला दिसला, तर तो फाइलमध्येच आहे आणि फ्रंटएंडचे कोणतेही सेटिंग त्यावर उपाय ठरणार नाही. तेथे चित्र स्वच्छ असेल, तर दोष दाखवण्याच्या टप्प्यात आहे. या दहा मिनिटांच्या चाचणीने माझे उरलेले कष्ट अर्ध्यावर आणले, आणि ती मी पहिल्या दिवशी केली नाही याचा मला अजून राग आहे.

ठोकळ्यांचा दोष फाइलमध्येच होता. डिजिटल प्रक्षेपण १८८ बाइटच्या पाकिटांमधून येते आणि वाटेत काही पाकिटे हरवली, तर त्या जागचे चित्र बिघडते. एन्कोडिंगमध्ये बहुतेक फ्रेम आधीच्या-नंतरच्या फ्रेमवर अवलंबून असल्यामुळे हा बिघाड पुढची स्वयंपूर्ण फ्रेम येईपर्यंत पडद्यावर रेंगाळतो. साधारण अर्ध्या-एक सेकंदानंतर चित्र अचानक सावरते ते त्यामुळेच. माझ्याकडे सिग्नल दोन ट्यूनरना वाटून देणाऱ्या स्प्लिटरचा एक जोड ढिला होता. तो आवळला आणि ठोकळे गेले. अशा वेळी पुष्कळजण डिस्कवर संशय घेतात, परंतु हिशेब करून पाहावा: सेकंदाला ८ मेगाबिट दराच्या प्रक्षेपणाचा एक तास सुमारे ३.६ गिगाबाइट होतो, म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट. असे चार कार्यक्रम एकाच वेळी उतरवले तरी साध्या यांत्रिक डिस्कला ते जड जात नाही. अडचण येते ती त्याच डिस्कवर मिथटीव्हीच्या नोंदींचा डेटाबेसही ठेवला असेल तेव्हा, कारण मग डिस्कच्या हेडला सारखी ये-जा करावी लागते. डेटाबेस वेगळ्या डिस्कवर हलवणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

कंगव्याच्या दातांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आणि, खरे सांगायचे तर, अधिक रंजक निघाला. १०८०आय, म्हणजे १०८० ओळींच्या इंटरलेस्ड, प्रक्षेपणात पूर्ण फ्रेम एकदम येत नाही. एका फील्डमध्ये विषम ओळी आणि पुढच्या फील्डमध्ये सम ओळी अशा ५४०-५४० ओळी आळीपाळीने येतात, आणि सेकंदाला ५० फील्ड असतील तर त्या दोहोंमध्ये १/५० सेकंदाचे अंतर असते. स्थिर दृश्यात दोन्ही फील्ड एकमेकांत नीट बसतात, परंतु धावती पट्टी किंवा चेंडू तेवढ्या अवधीत पुढे सरकलेला असतो, म्हणून दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकत्र विणल्या की कडांना दात फुटतात. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यांना हा प्रश्नच नव्हता, कारण ते फील्ड आले तसे दाखवत. आजचे सपाट पडदे पूर्ण फ्रेम मागतात, म्हणून सॉफ्टवेअरला डीइंटरलेसिंग, म्हणजे फील्डपासून पूर्ण फ्रेम तयार करण्याचे काम, करावे लागते.

येथे चूक माझी होती. माझा संगणक जुना आहे म्हणून मी ‘ओपनजीएल स्लिम’ हे हलके प्लेबॅक प्रोफाइल निवडले होते. प्रोफाइल म्हणजे कोणत्या प्रकारच्या व्हिडिओसाठी कोणता डिकोडर (संकुचित व्हिडिओ उलगडणारा), कोणता रेंडरर (तो पडद्यावर रंगवणारा) आणि कोणत्या दर्जाचे डीइंटरलेसिंग वापरायचे याचे नियम. त्यात डीइंटरलेसिंगचे ‘सिंगल रेट’ आणि ‘डबल रेट’ असे दोन पर्याय असतात आणि त्यांतील फरक नावावरून समजत नाही. सिंगल रेटमध्ये दोन फील्डची मिळून एक फ्रेम होते, म्हणजे सेकंदाला २५. डबल रेटमध्ये प्रत्येक फील्डची स्वतंत्र फ्रेम तयार होते, म्हणजे सेकंदाला ५०. नाटक-मुलाखतीसाठी पहिला पर्याय चालून जातो, परंतु खेळाच्या सामन्यात निम्मी हालचाल गमावल्याचे डोळ्यांना लगेच जाणवते. डबल रेटचा दर्जा वाढवून ठेवला आणि ते काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवले, तेव्हा पट्टीतील अक्षरे पहिल्यांदा वाचता आली. माझ्या जुन्या कार्डाने ते सहज पेलले. त्याच्यावर मी उगाच अविश्वास दाखवला होता.

संथ हालचालीतले गचके तरीही पूर्ण गेले नव्हते. डेस्कटॉप सेकंदाला ६० वेळा रंगवला जात होता आणि कार्यक्रम ५० फ्रेमचा होता. दर पाच फ्रेममागे एक फ्रेम दोनदा दाखवली जाणार, म्हणजे सेकंदाला दहा वेळा अडखळणार, हे उघड होते. ज्या प्रक्षेपणाचा दर ५९.९४ असतो तेथे ६०च्या पडद्यावर हीच चूक साधारण १७ सेकंदांतून एकदा घडते, म्हणून ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मिथटीव्हीत मेनूसाठी एक आणि व्हिडिओसाठी दुसरा असा वेगळा व्हिडिओ मोड ठरवण्याची सोय आहे. ती चालू केल्यावर कार्यक्रम सुरू होताच पडदा ५० हर्ट्झवर जातो. जाताना तो क्षणभर काळा पडतो, एवढीच त्याची किंमत.

या सगळ्यात सर्वांत उपयोगी पडलेले साधन मला फार उशिरा सापडले. कार्यक्रम चालू असताना मेनूतून ‘प्लेबॅक डेटा’ निवडला की कोणता डिकोडर चालू आहे, डीइंटरलेसिंग खरोखर होत आहे का, किती फ्रेम दाखवल्या जात आहेत आणि प्रोसेसरवर किती भार आहे, हे पडद्यावरच दिसते. मी व्हीएएपीआय, म्हणजे डिकोडिंग ग्राफिक्स कार्डाकडून करून घेण्याची सोय, निवडले आहे अशा समजुतीत होतो, पण ड्रायव्हर नीट बसलेला नसल्यामुळे डिकोडिंग प्रत्यक्षात प्रोसेसरवरच चालले होते, हे तेथे एका ओळीत कळले. इतकी मोलाची माहिती मेनूच्या आतल्या घरात न ठेवता सेटिंग्जच्या शेजारीच द्यायला हवी होती. सेटिंग्जखालच्या सूचनाही जाणकारांनी जाणकारांसाठी लिहिलेल्या आहेत. काय बदलेल ते त्या सांगतात, पण बदल केल्यावर पडद्यावर काय दिसेल ते सांगत नाहीत. गुण कापायचे तर मी येथे कापेन.

राखाडी काळ्याचा उलगडा पाच मिनिटांत झाला: व्हिडिओत काळा रंग १६ या पातळीवर आणि पांढरा २३५ वर असतो, संगणक मात्र ० ते २५५ मोजतो, आणि टीव्ही व ग्राफिक्स कार्ड यांनी वेगवेगळी मोजपट्टी धरली होती. दोन्हीकडे एकच निवडली. त्याच वेळी टीव्हीमधील कृत्रिम शार्पनेस आणि हालचाल ‘गुळगुळीत’ करणारी प्रक्रियाही बंद केली. शार्पनेसमुळे चेहऱ्यांभोवती जी पांढरी किनार दिसत होती, तिचा दोष मी इतके दिवस विनाकारण मिथटीव्हीला देत होतो.

आज चित्र मूळ प्रक्षेपणाइतके चांगले दिसते, त्याहून चांगले नाही. ५७६ ओळींच्या जुन्या वाहिन्या मोठ्या पडद्यावर आजही धूसर दिसतात, आणि स्केलिंगचे (चित्र मोठे करण्याचे) सर्व पर्याय चाळून झाल्यावर मी त्या थोड्या दूर बसून पाहतो.