कॅनन पीआरओ-५४१ : महालातल्या आमच्या दुकानातून

मोठं फोटो प्रिंटर घ्यायचं तर कॅनन इमेजप्रोग्राफ पीआरओ-५४१ घ्यावं का, असं इकडचे फोटोग्राफर आणि छोटे प्रिंटवाले मला सारखं विचारतात. माझं उत्तर ‘घ्या’ असंच आहे. पण ते माझ्या कामावरून बनलेलं मत आहे, म्हणून आधी काम सांगते. नागपूरच्या महाल भागात आमचं फ्रेमिंगचं दुकान, वडिलांनी सुरू केलेलं. त्यालाच जोडून मी प्रिंट काढून देते : ताडोबा-पेंचचे फोटो, लग्नाचे कॅनव्हास, चित्रकारांच्या चित्रांच्या प्रती, कधी एखाद्या प्रदर्शनाचे पॅनल. लग्नसराईत आणि दिवाळीआधी जेवायला उसंत नसते. एरवी चार-चार दिवस मशीन नुसतं उभं असतं.

हिवाळी अधिवेशनाचे बॅनर, गणपतीच्या कमानी, दुकानांचे बोर्ड हे तुमचं मुख्य काम असेल, तर हे मशीन नकोच. यातली शाई पाण्यात मिसळलेल्या पिगमेंटची, म्हणजे रंगाच्या बारीक कणांची. लॅमिनेशन केल्याशिवाय ती उन्हापावसात ठेवायची नसते. त्या कामाला इको-सॉल्व्हंट मशीन लागतं, बाहेर टिकणाऱ्या शाईचं. चौरस फुटाच्या दरात फ्लेक्सवाल्यांशी बरोबरी करायला जाऊ नये, ते गणितच वेगळं आहे.

भिंतीवरच्या फोटोंसाठी ४४ इंच रुंद कागद घेणाऱ्या मशीनांत माझ्यासमोर तीन नावं होती. एप्सन शुअरकलर एससी-पी९५३०, एचपी डिझाइनजेट झेड९ प्लस आणि हे कॅनन. (कॅननचं हेच मशीन अमेरिकेत पीआरओ-४१०० या नावाने आलं, व्हिडिओ शोधताना ते नाव टाका, भरपूर सापडतील.) एप्सनच्या बारा शायांत केशरी, हिरवी आणि जांभळीही आहे. एखाद्या कंपनीच्या लोगोचा रंग तंतोतंत जुळवायचा, पॅकेजिंगचा प्रूफ काढायचा, असं काम असणाऱ्याला मी डोळे मिटून एप्सन सांगेन. एचपीत रंग मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर मशीनच्या आतच बसवलेला आहे. नवा कागद लावला की त्याचा प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उमटतात याचा हिशेब, मशीन स्वतः बनवतं, वेगळं यंत्र विकत घ्यावं लागत नाही. तिन्हींचे प्रिंट उत्तम येतात. डेमोचा प्रिंट पाहून निवड करायला गेलात तर गोंधळच वाढेल.

माझा निर्णय झाला तो हेडवर, म्हणजे कागदावर शाईचे थेंब उडवणाऱ्या भागावर. एप्सनचं हेड पिएझो जातीचं, शाई न तापवता दाबाने थेंब उडवणारं. ते खूप काळ चालतं, पण बदलायची वेळ आली तर इंजिनिअरच लागतो आणि खर्चही मोठा. कॅननचं हेड थर्मल, शाई तापवून थेंब उडवणारं. ते झिजतं, कधी ना कधी बदलावंच लागतं. मात्र झाकण उघडून, खटका वर करून ते आपल्या हाताने बदलता येतं. माझ्या आधीच्या २४ इंची मशीनला हेडची तक्रार आली तेव्हा इंजिनिअर मुंबईहून यायचा होता. तोवर ऐन लग्नसराईतले कॅनव्हास अडकून पडले, आणि रिसेप्शनची तारीख काही पुढे जात नसते. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा मुद्दा किरकोळ वाटेल. नागपुरात, आणि चंद्रपूर-गोंदियात तर त्याहून जास्त, याच मुद्द्यावर धंदा चालतो किंवा थांबतो. शिवाय या हेडमध्ये प्रत्येक रंगाला १,५३६ नोझल, म्हणजे शाई बाहेर पडणारी बारीक छिद्रं, आहेत. एखादं बंद पडलं तर मशीन ते ओळखतं आणि शेजारच्या नोझलकडून काम करून घेतं. मधूनमधून काम येणाऱ्या दुकानाला हे फार उपयोगी आहे.

आता प्रिंटबद्दल. ताडोब्याचा एक नेहमीचा गिऱ्हाईक फाइल देताना दर वेळी बजावतो, “ताई, वाघ केशरी नका करू, वाघासारखा राहू द्या.” त्याचीच एक फाइल मी चाचणीला वापरली. बांबूच्या सावलीत बसलेली वाघीण, अर्धा चेहरा उन्हात. बरायटा या चकचकीत फोटो कागदावर काढलेला प्रिंट ट्यूबलाइटखाली तिरका धरून पाहिला. पिगमेंट शाईच्या चकचकीत प्रिंटमध्ये अशा वेळी काळ्या भागावर तांब्यासारखी झाक मारते, त्याला ब्राँझिंग म्हणतात. इथे ती जवळजवळ नाहीच. बाराव्या टँकमधला पारदर्शक क्रोमा ऑप्टिमायझर पृष्ठभाग सारखा करतो, हे त्याचं काम. काळ्या पट्ट्यातला एकेक केस सुटा दिसत होता. गळ्याखालचा पांढरा भाग कागदाच्या पांढऱ्यात विरघळला नव्हता. गिऱ्हाइकाने चष्मा काढून नाक लावून पाहिलं आणि ४० बाय ६० इंचाची ऑर्डर दिली.

त्याची फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची. ६० इंचांवर ओढली की इंचाला १०० पिक्सेल उरतात. भिंतीवर सहा-सात फुटांवरून पाहायच्या फोटोला तेवढं पुरतं. पण फोटो आधीच अर्धा क्रॉप केलेला असेल तर मी स्पष्ट नाही म्हणते आणि लहान आकार सुचवते. एवढ्या चांगल्या मशीनमधून मऊ, फुगवलेला वाघ बाहेर पडावा हे मला सहन होत नाही.

मॅट ब्लॅक (बिनचमकीच्या कागदाची काळी) आणि फोटो ब्लॅक (चकचकीत कागदाची काळी) दोन्ही शायांना स्वतंत्र वाट आहे. त्यामुळे चकचकीत कागदावरून ३०८ जीएसएमच्या जाड, बिनचमकीच्या कॉटन कागदावर जाताना शाई बदलण्यात वाया जात नाही. छपाई चालू असताना टँक संपला तरी आतला छोटा टँक काम चालू ठेवतो, तेवढ्यात नवा लावायचा. टँक १६०, ३३० आणि ७०० मिलीचे मिळतात. मोठ्यात मिलीमागे दर कमी पडतो, पण बाराही रंग मोठे भरले तर ८.४ लिटर शाईचे पैसे अडकतात. मी फोटो ग्रे आणि ग्रे मोठे घेते, बाकी मधले.

नागपूरच्या मे महिन्याचं मात्र मनावर घ्या. कंपनीच्या तपशिलात खोलीचं तापमान १५ ते ३० अंश दिलेलं आहे आणि बाहेर पारा ४५ च्या वर. कूलर लावून भागवू असं कोणी म्हणत असेल तर हात जोडून सांगते, नका. कूलर ओल आणि धूळ दोन्ही आत ओढतो. कागदाच्या कडा लाटांसारख्या उठतात आणि हेड त्यावर घासतं. एसीच हवा, आणि भिंतीवर आर्द्रतेचा मीटर. काटा ४० ते ६० टक्क्यांत राहिला की प्रिंटही सरळ आणि नोझलही मोकळी. पावसाळ्यात उरलेला रोल त्याच दिवशी पिशवीत बंद करायचा. यूपीएस हवाच. छपाईच्या मधेच लाइन गेली तर हेड आपल्या झाकणावर परतत नाही, उघडंच वाळत बसतं.

२४ की ४४? जागा आणि जिना मोजून ठरवा. स्टँडसकट हे मशीन दीड मीटरपेक्षा जास्त रुंद आहे. महालातल्या जुन्या घराच्या जिन्यावरून ते चढवणं अवघड, आम्ही म्हणून तळमजल्यावरच जागा केली. वरच्या मजल्यावर स्टुडिओ असेल तर याच जातीचं २४ इंची पीआरओ-५२१ बघा, शाई आणि रंग तेच.

जुनं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून घेणार असाल तर समोर उभं राहून नोझल चेक (सगळी नोझल चालतात का ते दाखवणारा प्रिंट) काढायला लावा, आणि नंतर गडद राखाडी रंगाचा पूर्ण रुंदीचा एक पट्टा. रेघा असतील तर त्या पट्ट्यात लपत नाहीत. हेड केव्हा बदललं ते विचारा, पावती मागा. मेंटेनन्स कार्ट्रिज किती भरलंय तेही बघा, वाया गेलेली शाई त्यातच जमते. आणि बाराही टँकवरची तारीख वाचा. मुदत संपलेली शाई भरलेली असेल तर सौदा करताना त्या सगळ्या शाईचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा.