आरमधलं 'सर्व्हायव्हल' पॅकेज : आठ महिन्यांच्या वापरानंतर

इंदूरच्या एका रुग्णालयात मी मधुमेहींच्या पायांच्या जखमांची नोंदवही सांभाळते. पाय कापावा लागण्याचा धोका किती, हा आमचा प्रश्न. आधी एक्सेलमध्ये सरळ टक्केवारी काढायचो. पण कुणी तीन वर्षं येत राहतो, कुणी दोन महिन्यांत दिसेनासा होतो. दोघांना एकाच भागाकारात कसं बसवायचं?

'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं 'सर्व्हायव्हल' पॅकेज अशाच हिशेबासाठी आहे. ते फुकट आहे आणि आर बसवलं की सोबतच येतं. मेयो क्लिनिकच्या टेरी थर्नो यांचं हे काम. काप्लान-मायरचा आलेख (१९५८; काळागणिक किती जण घटनेविना राहिले ते दाखवणारा) आणि कॉक्सचं मॉडेल (१९७२; एखाद्या गोष्टीनं धोका किती पट होतो ते सांगणारं) कोडच्या एकेका ओळीत निघतात. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एकदाही अडकलं नाही.

खरी किंमत कळली ती चपलांच्या वेळी. आमच्याकडे मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराच्या चपला देतात. पहिल्या हिशेबात चपला मिळालेल्यांचे पाय फारच कमी कापले गेले होते. सगळे खूश. मॅडमनी एवढंच विचारलं, "चप्पल मिळाली कधी?" ती मिळते जखम भरत आल्यावर, पाचव्या-सहाव्या खेपेला. तोवर पाय शाबूत राहिला म्हणूनच तर माणूस चपलेपर्यंत पोचला! आधीचे ते सगळे दिवस मी चपलेच्या खात्यात जमा केले होते. स्टॅनफर्डच्या हृदयरोपणाच्या आकड्यांत हीच चूक मिचेल गेल यांनी १९७२ मध्ये दाखवली होती. स्टॅनफर्डच्या त्याच कार्यक्रमातले १०३ रुग्ण पॅकेजमध्येच सरावासाठी दिलेत. पॅकेजमधलं 'टीमर्ज' हे फंक्शन वापरून प्रत्येक रुग्णाचा काळ चपलेआधी आणि चपलेनंतर असा तोडला. फायदा उरला, पण बराच आक्रसला. आठवडाभर जीव खट्टू होता.

मृत्यूचंही तसंच. पाय कापण्याआधीच रुग्ण गेला तर त्याला नुसतं सेन्सॉर (म्हणजे पुढचं काही कळलं नाही असा) धरून चालत नाही, काप्लान-मायर धोका फुगवून सांगतो. निकालाचा रकाना फॅक्टर (आकड्यांऐवजी प्रकारांचा रकाना) करून 'सर्वफिट' या फंक्शनला दिला की पाय कापणं आणि मृत्यू या दोन्ही शक्यता वेगवेगळ्या मिळतात.

कॉक्स मॉडेलची 'कॉक्स.झेडपीएच' ही तपासणी प्रत्येक वेळी चालवाच. दोन गटांतल्या धोक्यांचं गुणोत्तर काळागणिक बदलतंय का, ते त्यात दिसतं. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्या चाचणीत (२००३) संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकाराचा हझार्ड रेशो (म्हणजे हेच गुणोत्तर; १ म्हणजे फरक नाही) सरासरी १.२४ होता, पण पहिल्या वर्षी १.८१. नुसती सरासरी पाहणाऱ्याला ते पहिलं वर्ष दिसलंच नसतं.

तक्रार एकच, पण मोठी. निकाल ०-१ किंवा १-२ असा कसाही लिहिलेला चालतो; दोन्हींत मोठा आकडा म्हणजे घटना घडली. १-२ लिहिलेल्या फाईलमधून मी एक छोटा गट वेगळा काढला, त्यात घटना एकही नव्हती, म्हणजे सगळे १. पॅकेजनं त्या सगळ्यांनाच घटना घडली असं धरलं, आणि इशारा काही दिला नाही. तेव्हापासून मी ०-१ च लिहिते. सोबतचे इंग्रजी लेख उत्तम आहेत, पण नवख्याला जड जातात.

एक गोष्ट मात्र पॅकेजच्या हातात नाही. झाबुआ, धारकडचे रुग्ण मजुरीसाठी गुजरातेत जातात आणि फॉलो-अप तुटतो. येत राहिलेल्यांसारखाच त्यांचाही धोका आहे, असं मॉडेल गृहीत धरतं. पण अनवाणी बांधकामावर उभ्या राहणाऱ्या माणसाचा धोका तेवढाच कसा असेल? म्हणून आता दर शनिवारी दुपारी आम्ही दोघी त्यांच्या घरी फोन लावतो आणि मिळेल ती तारीख वहीत लिहून घेतो.