टँक बॅग आणि गाडीच्या कव्हरपायी २०,२९८ रुपये गेले, तुम्ही सावध राहा

परवा रात्री माझ्या चुलतभावाने मोबाईलवर एक लिंक पाठवली, "दादा ही टँक बॅग घेऊ का, सोबत कव्हर फ्री हाय." उघडून पाहिली तर तोच फोटो, तीच पिवळ्या चेनची काळी बॅग, तोच डोंगरातला रस्ता, फक्त पेजचं नाव बदललेलं. मी लगेच त्याला फोन लावला. पैसे टाकले नव्हते त्याने, देवाची कृपा. पण तेव्हाच ठरवलं की आपल्यासोबत मे महिन्यात जे झालं ते पूर्ण लिहायचं. लाजेपोटी चार महिने घरच्यांशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि मी गप्प बसलो म्हणूनच घरातलाच पोरगा त्याच खड्ड्यात पाय टाकत होता.

मी दारव्हा तालुक्यातला. काम फिरतीचं, कृषी केंद्रांच्या ऑर्डरी घेणं आणि वसुली. दारव्हा, दिग्रस, आर्णी, कधी यवतमाळ, दिवसाला ८०-९० किलोमीटर सहज होतात. सोबत पावती बुकं, बिल बुक, चेक, पॉवर बँक, पाण्याची बाटली, हे सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये. दोन वर्षांपासून मान आणि खांदे दुखतात, आणि गेल्या पावसाळ्यात आर्णीच्या अलीकडे असा पाऊस लागला की सॅकच्या आतली पावती बुकं भिजून कार्बन कॉपीची निळी शाई पसरली, कोणाकडून किती आले तेच वाचता येईना, महिनाभर दुकानदारांच्या वह्या पाहून हिशेब जुळवला. गाडी घरी उघड्यावरच असते, अंगणातल्या लिंबाखाली. उन्हाळ्यात आमच्याकडे ४४-४५ डिग्री होते, सीटचं रेक्झिन तडकून गेलं, वरून वांदरं उड्या मारतात, त्यांनी उरलेलं फाडलं. मग पावसात पाणी सीटच्या फोममध्ये मुरते आणि सकाळी बसलं की पॅन्ट ओली. म्हणून टाकीवर बसणारी बॅग आणि वरून घालायचं कव्हर, या दोन गोष्टी मला खरंच पाहिजे होत्या, शौक म्हणून नाही.

टँक बॅग म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर बसणारी बॅग. एक चुंबकाची असते, एक पट्ट्यांची, आणि महागड्या गाड्यांना टाकीच्या झाकणाभोवती रिंग बसवून लॉक होणारी पण येते. चुंबकाची फक्त लोखंडी पत्र्याच्या टाकीलाच चिकटते, टाकीवर प्लास्टिकचं कव्हर असलं किंवा टाकी ॲल्युमिनियमची असली तर ती काही कामाची नाही. माझी पल्सर १५०, टाकी पत्र्याची, घरच्या फ्रिजवरचं चुंबक लावून पाहिलं, घट्ट चिकटलं. चुंबकवाली बरी वाटत होती कारण पेट्रोल पंपावर पट्टे सोडत बसायची कटकट नाही, उचलली की झालं. एवढी माहिती काढली आणि मोबाईलला जणू कळलंच, दुसऱ्या दिवसापासून रील पाहता पाहता मध्येच बॅगांच्या जाहिराती येऊ लागल्या.

त्यातलीच ही. २,९९९ वर काट मारून १,२९९, बॅग अधिक कव्हर, "पूर्ण वॉटरप्रूफ", "ऑफर आज रात्री १२ पर्यंत". खाली शेकडो कमेंट, सगळ्या छान छान. नंतर नीट वाचल्या तेव्हा दिसलं की त्याच चार-पाच ओळी वेगवेगळ्या नावांनी फिरून फिरून टाकल्या आहेत, पण त्या रात्री मी फक्त वरच्या दोन वाचल्या. माल आल्यावर पैसे द्यायचे असतील तर १५० जास्त आणि आगाऊ दिले तर मोबाईलचा पाऊच फ्री, म्हणून मी आगाऊ दिले. क्यूआर कोड स्कॅन केला, आणि इथे पहिली गोष्ट सांगतो. पैसे जायच्या आधी स्क्रीनवर घेणाऱ्याचं नाव येते. दुकानाचं नाव वेगळं होतं आणि स्क्रीनवर आलं ते एका बाईचं नाव, साधं खासगी खात्याचं. मी ते नाव वाचलं. वाचून दोन सेकंद थांबलो पण. मग मनातच म्हटलं, मालकाच्या बायकोचं खातं असेल, आणि पिन टाकला.

अकरा दिवसांनी पार्सल आलं. आत बिल नाही, जीएसटी नंबर नाही, पाठवणाऱ्याचा पत्ता अर्धाच. उघडताना व्हिडिओ काढायचा असतो हे मला माहीत नव्हतं, सरळ ब्लेडने टेप कापला.

बॅग म्हणून जे होतं ते लग्नात आहेराला देतात तसल्या पिशवीच्या कापडाचं. चेन पहिल्याच वेळी अर्ध्यात अडकली. टाकीवर ठेवली, हाताने हलकेच ढकलली तर घसरून खाली. चार बाजूला चार फडके, प्रत्येकात गोल चुंबक असल्यासारखं हाताला लागायचं. मी शिवण उसवून पाहिली. दोन फडक्यात काळे छोटे चुंबक निघाले, रेडिओच्या जुन्या स्पीकरमध्ये असतात तसे पण बोटाच्या पेराएवढे, आणि बाकी दोनमध्ये पत्र्याच्या नुसत्या चकत्या. खिळा लावून पाहिला, चिकटला नाही. म्हणजे ज्याने शिवलं त्याला माहीत होतं की हे लागणार नाही, फक्त हाताला कडक लागलं पाहिजे म्हणून चकत्या टाकल्या. हे पाहून मला जेवढा राग आला तेवढा पैशाचा पण आला नाही. कव्हर तर उन्हाकडे धरलं की पलीकडची बोटं दिसायची, आणि आतून बोट फिरवलं की चंदेरी रंग बोटाला. शिवणीवर टेप नाही, पाणी ओतलं तर सुईच्या प्रत्येक भोकातून थेंब.

पेजवर मेसेज टाकला. "सॉरी सर, एक्सचेंज होगा." दोन दिवस तेच उत्तर, तिसऱ्या दिवशी ब्लॉक.

इथे थांबलो असतो तर १,२९९ गेले असते, बस. पण माझ्या डोक्यात बसलं की आपला हक्काचा पैसा आहे, सोडायचा नाही. मी नेटवर त्या दुकानाच्या नावापुढे कस्टमर केअर नंबर असं टाकून शोधलं. नंबर मिळाला. आता कळते की असे नंबर हेच लोक टाकून ठेवतात, फसलेला माणूस शोधत येईल म्हणून. पहिल्या रिंगला उचलला. अतिशय नम्र बोलणं, "सर जी आपकी शिकायत दर्ज हो गई है, हमें बहुत खेद है." माझा ऑर्डर नंबर त्याने मला न विचारता सांगितला, त्यामुळे माझा पूर्ण विश्वास बसला. म्हणजे पेजवाला आणि हा एकाच टोळीतले असणार, नाहीतर ऑर्डर नंबर त्याच्याकडे येईल कुठून.

तो म्हणाला पैसे परत पाठवायला "रिफंड कोड" टाकावा लागतो. पैशाचं ॲप उघडा, हा नंबर टाका, आणि मधल्या रकान्यात कोड लिहा, एक आठ नऊ नऊ नऊ. मी आकडे एकेक करून लिहिले. तो रक्कम टाकायचा रकाना होता, स्क्रीनवर १८,९९९ दिसत होतं, खाली पैसे पाठवायचं बटण दिसत होतं, पण तो कानात सतत बोलत होता, "जल्दी कीजिए सर, सेशन बंद हो जाएगा, फिर पंद्रह दिन लगेंगे." त्याच्या घाईत मी पिन टाकला. फोनने टिंग केलं आणि पैसे गेले.

मी ओरडलोच. तो शांतपणे म्हणतो, "सर ये होल्ड में गया है, वापस आएगा, एक बार दूसरा कोड डालिए," आणि दुसरा कोड २४,९९९ सांगितला. आणि खरं सांगतो, मी तो पण टाकला. खात्यात चारच हजार उरले होते म्हणून तो व्यवहार झाला नाही. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या, माझा चेहरा पाहून विचारलं, मी फोनवर हात ठेवून सांगितलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पैसे येऊन रायले तर पिन काऊन मागते तो?"

एवढं साधं वाक्य. पिन पैसे देताना लागतो, घेताना लागत नाही, कोड स्कॅन करणं पण देतानाच. मी रोज दहा दुकानदारांकडून मोबाईलवर पैसे घेतो, एकदाही पिन टाकत नाही. माहीत असून गेले, कारण तो बोलत राहिला आणि मी ऐकत राहिलो. म्हणून सांगून रायलो, असा फोन असला की आधी फोन कापा, मग विचार करा. फोन चालू असताना विचार होत नाही.

तो पैसा बियाण्याचा होता. २०२५ च्या त्या हंगामात बीटी कपाशीचं पाकीट ९०१ रुपयांना होतं, १८,९९९ म्हणजे २१ पाकिटं. बाबांनी माझ्या खात्यात ठेवायला दिला होता कारण घरात ठेवला की खर्च होतो. त्यांना सांगायला मी रात्रीपर्यंत घाबरलो. ते काही रागावले नाही, बराच वेळ बाजेवर बसून राहिले, मग म्हणाले, "गेलं ते गेलं, आता बियान्याचं पाहा लागन." ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

आता ज्या गोष्टीने थोडं तरी वाचलं ती. माझ्या मोठ्या भावाने लगेच १९३० नंबर लावायला सांगितला, हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाईन नंबर आहे. आमच्या घरात रेंज नसते, मारुतीच्या पाराजवळ जाऊन लावला, दोनदा कटला, तिसऱ्यांदा लागला. त्यांनी बँकेचं नाव, खाते नंबर, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर विचारला. तो नंबर ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसते, आधीच कागदावर लिहून घ्या, कारण फोन चालू असताना शोधायला गेलो तर माझा कॉल पुन्हा कटणार होता. तक्रारीचा नंबर मेसेजवर आला. पैसे जाऊन पाऊण तास झाला होता. ज्या खात्यात पैसे गेले तिथे ११,४०० रुपये शिल्लक होते ते होल्ड झाले, बाकीचे ७,५९९ तोपर्यंत काढून नेले होते. दहा मिनिटात फोन केला असता तर कदाचित सगळे अडकले असते, मी अर्धा तास नुसता त्याच नंबरवर पुन्हा पुन्हा फोन लावण्यात घालवला. तक्रार वेबसाईटवर पण टाकता येते, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन, पण पहिली धाव फोनवरच घ्या. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन लेखी अर्ज दिला, यूपीआय बंद केलं, पोलीस स्टेशनला गेलो. होल्ड झालेले पैसे आपोआप खात्यात येत नाहीत, आम्हाला त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला, ते आमचं सुरू आहे.

बॅगेच्या १,२९९ साठी मी १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला पण फोन केला होता. ओळखीच्या वकील साहेबांनी सांगितलं की ग्राहक आयोगात आपल्याच जिल्ह्यात केस टाकता येते, ५ लाखापर्यंत फी पण लागत नाही. पण समोरच्याचं नाव-पत्ता पाहिजे ना. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाईन विकणाऱ्याने आपलं नाव, पत्ता आणि तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव दाखवायलाच पाहिजे. त्या पेजवर यातलं एकही नव्हतं. मी बॅगेची चेन किती इंचाची ते पाहत बसलो आणि पत्ता आहे का ते पाहिलंच नाही.

बियाणं शेवटी ओळखीच्या कृषी केंद्रातून उधारीवर उचललं, कापूस निघाल्यावर फेडायचं. आणि बॅग दिग्रसला सीट कव्हर शिवणाऱ्याकडून करून घेतली. त्याने आधी मला गाडीवर बसवलं, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवायला लावलं आणि कुठपर्यंत जागा मोकळी राहते तिथे खडूने खूण केली, नाहीतर वळताना बॅग हॉर्नच्या बटणाला दाबते. "चुंबक राहू द्या भाऊ, रस्त्याची लोखंडाची धूळ चिकटते त्याले अन टाकीवर रेघोट्या पडते," म्हणून त्याने पट्टेच लावले, पुढे हँडलच्या मानेला एक आणि मागे सीटखाली दोन, पुढचं बक्कल सोडलं की बॅग मागे उलटते आणि पेट्रोल भरता येते. कापड ट्रकच्या ताडपत्रीचं, खालून मऊ फ्लॅनेल, चेनवर चार बोटं रुंद झाकण. ७०० रुपये. कव्हरला त्याने आतून सुती अस्तर लावलं, पोटाखालून नाडी दिली म्हणजे वादळात उडत नाही, आणि सांगितलं की सायलेन्सर गार झाल्याशिवाय घालायचं नाही आणि ओल्या गाडीवर तर अजिबात नाही, आत गंज धरते. सगळा पावसाळा काढला, पावती बुकाचं एक पान भिजलं नाही.

काल चुलतभावाला पण त्याच्याकडेच घेऊन गेलो. त्याच्या गाडीच्या टाकीवर वरून प्लास्टिक आहे, चुंबक तसंही चिकटलं नसतं. माप घेऊन झालं, बुधवारी बॅग मिळेल म्हणाला.